एक फाटका पंख आणि भाऊजींचा पंप

ती. आक्कास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भाऊजींचा खोकला (आम्ही घरी आलो की वाढतो तो) बरा असावा. इकडे सगळे ठणठणीत. माझे डोके तेवढे ठिकाणावर नाही, असे बायकोचे मत आहे.

शाळेच्या मैदानाचे गवत माझ्या जिवावर हिरवे असते, हे तू जाणतेसच. गेल्या महिन्यात शिट्टीवाले सर (खेळाचे मास्तर, घरी मीठ हवे असले तरी शिट्टी मारतात म्हणे) म्हणाले, कोपऱ्यात चार पाती पिवळी दिसतात, कीड आहे का बघ. मी रोज संध्याकाळी तिथे पालथा पडून बघू लागलो. आक्का, काय तो किडा सांगू. नखाएवढा पतंग, पण बसला की पंख अंगाभोवती विडीसारखे गुंडाळून, डोके खाली करून काडीला असा चिकटतो की काडी कुठली आणि तो कुठला ते कळू नये. मादी तर अंडी उडता उडता गवतात टाकून मोकळी होते. पुढे अळी बुडाशी रेशमाचे भुयार करून राहते आणि अंधार पडला की पाती कुरतडते. म्हणजे माझी वैरीणच. त्यात पिवळेपणा रोज पसरत होता.

मग मी मोजायला निघालो. पाऊल टाकले की एक उडे आणि जरा पुढे बसे. पुन्हा पाऊल, पुन्हा एक. मैदान ओलांडेपर्यंत शंभरावर भरले. मी हादरलो, सर माझ्याहून हादरले, आणि फवारणीत भाऊजींचा हात धरणारा कोण आहे, म्हणून मीच त्यांना पंप घेऊन रविवारी बोलावले. काल बायको डबा घेऊन आली, थोडा वेळ माझ्यामागून चालली आणि म्हणाली, "अहो, हा एकच आहे. डावा पंख फाटलाय बघा." आम्ही सगळे मैदान पालथे घातले. एकच. तो बिचारा जीव मुठीत धरून माझ्यापुढे पळत होता आणि मी त्यालाच शंभर वेळा मोजत होतो. तेव्हापासून माझा जीव त्याच्यात अडकला आहे. त्या एकासाठी अख्ख्या मैदानावर विष मारलेले मला बघवणार नाही. पण सरांना सांगायला तोंड नाही, आणि भाऊजी एकदा पंप पाठीला लावून निघाले की कुणाचे ऐकत नाहीत.

बाकी ठीक. गुडघ्याला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. पंपात एक रबरी वॉशर असतो, तो नसला की पंप दाब धरत नाही. रविवारपर्यंत तो तुझ्या पिठाच्या डब्यात राहील असे बघ. पत्र त्यासाठीच, गुडघ्याची चौकशी मात्र मनापासून.

आणखी ता. क. सरांनी आज कोपऱ्यातले टक्कल नीट पाहिले. गवताच्या टकलाला पोट आणि हातपाय कुठून आले, हे त्यांना उमगेना. मी रोज तिथेच पालथा पडतो, हे मलाही तेव्हाच उमगले.

शेवटचे ता. क. पाकीट चिकटवत होतो तर बायको मैदानावरून आली. आज दोन उडाले. दुसऱ्याचे दोन्ही पंख धड आहेत. भाऊजी जादाचा वॉशर कुठे ठेवतात गं? तोही पिठात जाऊ दे.