सरोवर निळंच होतं

पुणे,
१८ नोव्हेंबर १९९४

प्रिय हमीदा,

सप्रेम नमस्कार. तू बरी असशील, थंडीने गुडघे धरले असतील आणि औषध तू वेळेवर घेत नसशील. इकडे सर्व ठीक. दिवाळी झाली. चकल्या नरम पडल्या म्हणून कोणाला पाठवल्या नाहीत, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे तुझा डबा दोन वर्षं फळीवर पालथा आहे आणि दुसऱ्या कोणाचा भरावासा वाटत नाही.

अक्षर ओळखून पाकीट बाजूला ठेवू नकोस. शेवटपर्यंत वाच.

ऑगस्टमध्ये मी स्वारगेटहून मार्केट यार्डाला निघाले आणि लोणी काळभोरला पोचले. बसची पाटी वाचली होती, निदान मला तसं वाटलं. पास दाखवला की कोणी काही विचारत नाही. हडपसर मागे पडलं तरी मी गप्प बसले, कारण विचारायचं म्हणजे दिसत नाही हे कबूल करायचं. शेवटच्या थांब्यावर कंडक्टर जवळ आला.

"बाई, मी मच्छिंद्र. सातवीला तुमच्याकडं भूगोलाला होतो. तुमाला जायचं कुठं हाय?"

मी म्हटलं, "इथेच. पाहणीला आले आहे."

त्याने ऐकून घेतलं, मला पुढच्या सीटवर बसवलं आणि त्याच बसने स्वारगेटला परत आणलं. उतरताना हळूच म्हणाला, त्याच्या आईचंही असंच झालं होतं, मोतीबिंदू होता, ऑपरेशन केलं आणि आता ती तांदूळ निवडते.

आमचे वडील शेवटची सहा वर्षं भिंत चाचपत हिंडले, ते तू पाहिलं आहेस. तेच माझ्या वाट्याला आलं, असं धरून मी चार वर्षं डॉक्टरकडे गेले नव्हते. कोणाला बोललेही नव्हते. धूसर दिसतं एवढं कळत होतं. त्यापलीकडे काही बिघडलं असेल, हे डोक्यात आलं नाही.

शेवटी दाखवलं, तर मोतीबिंदूच निघाला. गेल्या आठवड्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर पहिला दिसला तो दवाखान्याचा पडदा. निळा. आत जाताना माझ्या मते तो खाकी होता. डॉक्टर विचारत होते, बरं दिसतंय ना, आणि मी विचारत होते, पडदा बदलला का.

घरी येऊन पेटी काढली. बासष्ट सालची आपली पेटी. जुन्या बाजारातली परदेशी मासिकं, त्यांवरून युसूफभाईंनी त्यांच्या फोटो स्टुडिओत तयार केलेल्या काळ्यापांढऱ्या काचेच्या स्लाइड, आणि शाळा सुटल्यावर तू त्यांवर भरलेले रंग. वाळवंटाची तांबडी वाळू, हॉलंडचे ट्यूलिप, कॅनडातलं सरोवर. मी मागे उभी राहून सांगायची, कुंकवासारखा नको, विटकरी हवा. आपण दोघी महाबळेश्वरच्या पुढे गेलो नव्हतो, पण मुलांना जग दाखवलं ते या छत्तीस काचांमधून.

दोन वर्षांपूर्वी शाळेच्या सुवर्णमहोत्सवासाठी तू पेटी तीन आठवडे नेलीस. परत आली तेव्हा मी सरोवर खिडकीशी धरलं. चहाच्या रंगाचं. तू उन्हात ठेवून रंग घालवलेस, असं ठरवून मी सगळ्या शिक्षकांसमोर जे बोलले ते इथे उतरवत नाही. तू विसरली नसशील. तू एवढंच म्हणालीस, "शकू, पुन्हा एकदा बघ." मी पेटीचं झाकण लावलं.

काल तेच सरोवर पुन्हा खिडकीशी धरलं. डावा डोळा झाकला, निळं. उजवा झाकला, चहा. बराच वेळ मी हाच उद्योग करत होते. मग वाळू पाहिली, ट्यूलिप पाहिले. सगळं तू भरलंस तसंच. इतकं हायसं वाटलं की मी एकटीच मोठ्याने हसले. पस्तीस काचा जशाच्या तशा आहेत.

छत्तिसावीचं लिहायचं टाळत होते. फ्रान्समधली लॅव्हेंडरची जांभळी शेतं. तू बिघडवलीस असं समजून ती मी स्वतः दुरुस्त केली. पेनातल्या शाईने, कापसाचा बोळा घेऊन. तेव्हा मला ती झकास वाटली होती. आता तिथे दौत सांडल्यासारखी दिसते. पेटीतली एकच काच खराब झाली, ती माझ्या हातून.

४ डिसेंबरला माजी शिक्षकांचा मेळावा आहे. सगळ्यांसमोर बोलले, ते सगळ्यांसमोरच मागे घेणार, तू आली नाहीस तरीही. तू समोर असलीस तर बोलणं जास्त जड जाईल. तसंच जावं.

त्याआधी, २४ तारखेला, गुरुवारी, डाव्या डोळ्याची पाळी. तो अजून तुलाच दोषी धरतो. दवाखान्यात सोबतीच्या माणसाचं नाव लिहून द्यावं लागतं. भाचीचं लिहायचं होतं, तुझं लिहून आले. तुला न विचारता. सवय जात नाही.

आलीस तर तो सगळ्यांत बारीक ब्रश घेऊन ये. काचेवरची शाई निघते का, ते तूच ठरव. मी मागे उभी राहीन आणि रंगाबद्दल एक अक्षर बोलणार नाही.

पुन्हा एकदा बघितलं.

तुझी,
शकू