उशिरा जागं होणारं रक्त

माय, आज दवाखान्यात एका बाईने पोराला आणलं होतं. दात पडला होता नि रक्त थांबत नव्हतं. थोड्या वेळाने थांबलं, ती दोघं घरीही गेली. माझ्या डोळ्यांपुढून मात्र किन्हीराजा गावचं आपलं सैपाकघर हलेना.

दादाचा दुधाचा दात पडला तो दिवस. तू भाकरी तव्यावर टाकून उठलीस, पदराची घडी त्याच्या हिरडीवर दाबलीस आणि त्याला मांडीवर घेऊन बसलीस. दुपार झाली, चूल विझली. आत्या दारातून म्हणते, "लेकराले काही बाधलं असन. देवाले इचारा."

"तुमी इचारा. मी बोट काढत नाही."

दादाला डुलकी लागते. ओठांच्या कडेने लाल लाळ येते, ती तू दुसऱ्या हाताने पुसतेस. मी विचारते, "माय, याचंच रक्त काहून थांबत नाही व?"

"थांबते बाई. याले वेळ लागते, तेवढंच."

दिवेलागणीला थांबलं. पण पुढे तो खळ्यावर बैलबंडीवरून डोक्यावर पडला, तेव्हा मार आतला होता. दाबायला जागाच नव्हती. तू नुसती त्याचं डोकं धरून बसलीस. तो गेल्यावर लोक म्हणाले, मायनं लक्ष दिलं नाही. जेवण तुटलं तुझं, आणि वर्षाच्या आत तापाने तूही गेलीस.

मामांनी मला नागपूरला डॉक्टरकी शिकायला पाठवलं. तिथे कळलं, रक्त गोठवणारं द्रव्य अंगात निजलेलं असतं. सदा जागं असतं तर रक्त नसांतच गोठलं असतं. जखम झाली की फाटलेल्या मांसातून काही सुटतं, रक्तातला चुना, म्हणजे कॅल्शियम, त्याला साथ देतो, मग ते निजलेलं उठतं आणि रक्तात बारीक धागे विणतं. दादाच्या रक्तात निजलेलं होतं, धाग्यांचं सामानही होतं. उठवणारं काहीतरी कमी होतं, म्हणून जाग उशिरा यायची. तोवर तू रक्ताची वाट अडवून धरलीस. तुझं लक्ष कुठेच कमी पडलं नव्हतं, माय.

तू असतीस आणि एवढंच असतं, तर मी हे तुझ्यासमोर बसून सांगितलं असतं. पण ही उणीव मुलाला आईकडून येते. आईला स्वतःला काही होत नाही, तिला पत्ताही नसतो. हे तुला सांगायला माझी जीभ उचलली नसती.

आणि ती लेकीतही लपून उतरू शकते, नि तिच्याकडून तिच्या मुलात. मला दिवस गेलेत. सासरी सगळ्यांना मुलगा हवाय, सासूबाई आतापासून नाव शोधतात. मी हसून मान डोलावते. मला भीती वाटते, हे अजून कुणाजवळ बोलले नाही.