बेचाळीस नंबर

॥ श्री ॥
बेंगळूर, १० ऑगस्ट १९५८

ती. सौ. अक्कास,
विठोजीचे सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. भद्रावतीला कपडे चुलीवर वाळवावे लागतात हे वाचलं. इथे पाऊस नाही, ऊनही नाही.

वसतिगृहात साडेपाचला नळ येतो, सहाला जातो. आम्ही चाळीस जण. मग जेवायला सारू-भात, मग चालत कॉलेज. दुपारभर प्रयोगशाळा. बोटं पिवळी पडली आहेत, जेवताना त्यांना वास येतो. यंदा मी विज्ञान मंडळाचा चिटणीस आहे. निवडणूक झाली नाही. सरांनी नाव सुचवलं, मी नाही म्हणालो नाही. काम म्हणजे पाहुणे आले की खुर्च्या लावायच्या, गेले की मोजून परत ठेवायच्या.

वर्गात हजेरीला नावं घेत नाहीत, नंबर घेतात. प्रवेशाच्या रांगेत हयवदन माझ्यापुढे होता, म्हणून तो एकेचाळीस आणि मी बेचाळीस. त्याचे वडील भीमाचार्य अंथरुणावर आहेत. बसवनगुडीच्या देवळातली सकाळची पूजा आता तोच करतो, त्यामुळे नऊचा तास त्याला गाठता येत नाही. त्याची हजेरी मी देतो. दहाला येतो तेव्हा कपाळावरचं गंध ओलं असतं आणि खिशात माझ्यासाठी गूळ-खोबरं. हे दाजींना सांगू नकोस.

दाजींना नमस्कार. आहे ती माया राहू दे.

तुझा,
विठोजी

॥ श्री ॥
भद्रावती, २४ ऑगस्ट १९५८

चि. विठोजीस,
अनेक आशीर्वाद.

खुर्च्यांच्या चिटणीसांचं पत्र पोचलं. शेजारच्या कावेरीबाईंना मी फक्त चिटणीस एवढंच सांगितलं. खुर्च्या गाळल्या.

बातमी अशी की इथल्या लोखंडाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, जूनमध्ये केमिस्टची एक जागा निघते. ह्यांनी साहेबांकडे तुझ्यासाठी शब्द टाकला आहे. बी.एस्सी. मात्र याच वर्षी व्हायला हवी. आधी तुला विचारूया असं मी म्हटलं. हे म्हणाले, नोकरी नको असं कुठला पोरगा म्हणतो. मग तुझ्या वतीनं मीच हो म्हणून टाकलं.

हयवदनला मदत कर, माझी ना नाही. पण आईची आठवण झाली. पानं मांडताना ती स्वतःचं पान कधी मोजायची नाही, आणि सगळे जेवून उठले की केळीचं पान शोधत परसात जायची. तू तिच्यावर गेला आहेस. स्वल्प तूपही खात जा. मेसमध्ये देत नसतील तर डबा पाठवते.

पत्र धाडत जा. इकडे आम्ही वाट पाहतो.

तुझी,
अक्का

॥ श्री ॥
बेंगळूर, ५ नोव्हेंबर १९५८

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

तूप मिळालं. चौघांत दोन दिवस पुरलं.

संध्याकाळी मेसच्या पायरीवर सगळे नोकरीचंच बोलतात. एकाला अमेरिकेला जायचं आहे, त्याच्याकडे अजून कोट नाही. माझ्या खोलीतल्या आणि वर्गातल्या परसूला बँक हवी, कारण तिथे पंखे आहेत. हयवदन म्हणतो, जिथे सकाळी दहाच्या आत बोलावत नाहीत अशी कुठलीही चालेल. मला कुणी विचारत नाही. माझं ठरलेलं आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे.

गेल्या आठवड्यात आमचे सर गावी गेले होते. जाताना, पहिल्या वर्षाच्या मुलांना चार दिवस शिकवशील का म्हणाले. पहिल्या दिवशी माझा आवाज तिसऱ्या बाकापर्यंतच गेला. चौथ्या दिवशी मागचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला की हे आधीच असं सांगितलं असतं तर तो जूनमध्ये नापास झाला नसता. त्या दिवशी मी वसतिगृहापर्यंत चालत आलो आणि वाटेत काय लागलं ते आठवत नाही. खडू अजून खिशात आहे.

कारखान्यातली ती जागा चांगली आहे.

दाजींना नमस्कार. लोभात अंतर नसावं.

तुझा,
विठोजी

॥ श्री ॥
बेंगळूर, १६ फेब्रुवारी १९५९

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

परीक्षेला बसणाऱ्यांची यादी लागली. माझं नाव नाही. हजेरी पंचाहत्तर टक्के लागते. माझी सगळे तास धरून एकसष्ट आहे.

कसं झालं ते सांगतो. एकेचाळीसनंतर लगेच बेचाळीस येतो. सर मान खाली घालून नंबर घेतात, पण त्यांना कान आहेत. पहिल्या दिवशी मी दोन्हींना ओ दिली, तेव्हा त्यांनी मान वर केली. दुसऱ्या दिवसापासून एकेचाळीसला ओ दिली आणि बेचाळीसला गप्प बसलो. वाटलं, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, भीमाचार्य उठतील. ते उठले नाहीत.

हयवदनचं नाव यादीत आहे. प्राचार्यांना सगळं सांगतो म्हणून तो निघाला होता. मी अडवलं. सांगितलं तर दोघंही जाऊ. सर म्हणाले, रोज समोर बसलेला दिसायचास, पण रजिस्टरात दिसत नाहीस, आणि मला रजिस्टरच धरावं लागतं.

आता पुढच्या वर्षी. जूनची जागा गेली. दाजींना तू सांग. मला जमणार नाही.

विठोजी

॥ श्री ॥
भद्रावती, २२ फेब्रुवारी १९५९

चि. विठोजीस,
आशीर्वाद.

पत्र वाचून रडले. मग भाकरी केल्या. मग पुन्हा वाचलं.

वर्गात तुम्ही साठ पोरं. हयवदनसाठी ओ द्यायला दुसरं कुणीच नव्हतं का? तुझ्याच खोलीतल्या परसूला सांगता आलं असतं. सहा महिन्यांत एकदाही सांगावंसं वाटलं नाही?

तुझं नोव्हेंबरचं पत्र काढलं. चार दिवस शिकवलंस त्यावर एवढं लिहिलंस, आणि इथल्या जागेवर एक ओळ. मुद्दाम केलंस असं मी म्हणत नाही. पण मला ती जागा नको, हे तोंडानं म्हणण्यापेक्षा वर्गात गप्प बसणं तुला सोपं गेलं. एक वर्ष घालवलंस त्यासाठी.

चूक माझीही आहे. शाळेत नाव घालताना तुझं नाव मी सांगितलं. ताप आला की कुठे दुखतं ते वैद्यांना मी सांगितलं. या वेळी होही मीच म्हणाले.

ह्यांना अजून काही ठाऊक नाही. रोज जेवताना विचारतात, विठोजीचा अभ्यास कुठवर आला. मी सरी, बरं चाललंय म्हणते आणि ताक आणायला उठते. त्यांनी स्वतःसाठी साहेबांकडे कधी काही मागितलेलं नाही. आता त्यांना परत जाऊन शब्द मागे घ्यायचा आहे. त्यांना हे मी सांगणार नाही. तुझी हजेरी मी देणार नाही. ये आणि सांग.

माया आहे, म्हणून लिहिलं.

अक्का

॥ श्री ॥
बेंगळूर, २५ फेब्रुवारी १९५९

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

परसूला विचारावं असं एकदा मनात आलं होतं. ऑक्टोबरात. विचारलं नाही.

रविवारी सकाळी निघतो. बिरूरला गाडी बदलून संध्याकाळपर्यंत पोचेन. स्टेशनावर कुणाला पाठवू नकोस. कडी वाजवीन. दाजी आतून कोण म्हणून विचारतील. तू उत्तर देऊ नकोस.

तुझा,
विठोजी