अ‍ॅम्प्लिफायरवर टॉवेल टाकू नका

बाबा,

अ‍ॅम्प्लिफायर जोडून ठेवला आहे. मेन स्विच बंद करूनच वायरी लावल्या, लाल लालमध्ये, काळी काळ्यात. बटन दाबायच्या आधी आवाज कमी करा. धूळ बसते म्हणून त्याच्यावर टॉवेल टाकू नका, आतल्या आत तापून जळून जाईल. पूजेचं हळद-कुंकू मी कोरड्या फडक्यानं पुसलं, जाळीतून आत जात होतं.

आता दुसऱ्यांच्या लेकींची गाणी मान डोलवत खुशाल ऐका. तुमची लेक गायली की तुमचं नाक काऊन कापलं जाते, ते मले समजलं नाई. मी वडसाले झाडीपट्टीच्या नाटकात गायले चालली. आईनं तिची जरीची साडी दिली. मले न्यायले येऊ नका. यायचंच असंन, तर तिकीट काढून पुढं बसा.

दामिनी