आधी g का

८ सप्टेंबर, सोमवार
अकरावी सायन्स. पटावर ऐंशी, वर्गात अकरा. बाकीचे क्लासला. तिथे म्हणे ए.सी. आहे.
कॉम्पोझिट फंक्शन सुरू केलं, म्हणजे एका फंक्शनचं उत्तर दुसऱ्यात घालायचं. f∘g ला पोरं 'फॉग' म्हणतात. दरवर्षी म्हणतात, दरवर्षी हसतात. मी हसायचं सोडलं.
वैष्णवी उभी राहिली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, वडील खडकीला फॅक्टरीत. तिथेच इंजिनिअर म्हणून जायचंय, पहिल्याच दिवशी सांगून मोकळी झाली होती. "मॅडम, f आधी लिहिलाय, मग आधी g का करायचा?" तास संपायला चार मिनिटं. म्हटलं, नियम आहे, पाठ कर. बसली.

११ सप्टेंबर
चाचणी. f(x) = 2x, g(x) = x + 3. (f∘g)(4) काढा, (g∘f)(4) काढा. अशा पाच जोड्या. याहून सोपं काय देणार?

१२ सप्टें.
बस वारज्याच्या पुलाखाली अडकली, तेवढ्यात निम्मे पेपर तपासून झाले. वैष्णवीला शून्य. १४ च्या जागी ११, ११ च्या जागी १४. पाचही जोड्यांत हेच. वर लाल पेनाने लिहिलं, 'लक्ष कुठे असतं?'

१३ सप्टें.
पेपर वाटले. तिनं घडी घालून दप्तरात ठेवला. काही विचारलं नाही. विचारेल तरी कशाला.

१५ सप्टें., सोमवार
वैष्णवी गैरहजर. मैत्रिणीच्या हाती चिठ्ठी. 'माझ्या आईच्या मामांचे निधन झाले. दोन दिवस रजा मिळावी.'
सही करायला पेन काढलं आणि थांबले. आधी ती, मग आई, मग आईचे मामा. ज्या वाटेनं जायचं त्याच क्रमानं लिहिलंय. f∘g मध्ये मामा आधी लिहायचे, आई नंतर. 'एफ ऑफ जी ऑफ एक्स', इंग्रजीत 'अंकल ऑफ माय मदर' म्हणतात तसं वाचलं की तेही नीट लागतं. पोरगी मराठीत वाचत होती. मराठीत तिची दहाही उत्तरं बरोबर आहेत.
सव्वीस वर्षं शिकवतेय. घरी मीसुद्धा मराठीच बोलते. फार लाज वाटली.

१८ सप्टें.
आली. बरोबर वडील, हातात विषयबदलाचा फॉर्म. गणिताऐवजी भूगोल. वडील म्हणाले, तुमचा काही दोष नाही मॅडम. ते जास्त लागलं.
तिच्याच चिठ्ठीवरून समजावलं. लगेच कळलं तिला.
"म्हणजे माझं बरोबर होतं?"
"उत्तर चूक. विचार बरोबर."
तिनं चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. मग, "म्हणजे पुढेही असंच ना मॅडम? इंग्रजी माध्यमवाल्यांना सरळ आणि मला उलटं?"
नाही म्हणणार होते. पुढचे धडे आठवले. लिमिट्स, डेरिव्हेटिव्ह्ज...
सहीसाठी फॉर्म माझ्याकडे ठेवून दोघं गेले.

१९ सप्टें.
वर्गात पुन्हा शिकवलं. फळ्यावर मी, आई, आईचे मामा. समोर सात जण. एकानं विचारलं, हे बोर्डाला येतं का. नाही म्हटल्यावर वह्या मिटल्या. वैष्णवीचा बाक रिकामा.
स्टाफरूममध्ये फिजिक्सचे सर म्हणाले, नातीगोती शिकवायची असतील तर मराठीचा तास मागून घ्या. तिथेही कोणी बसत नाही म्हणा.

२० सप्टें., शनिवार
फॉर्म जेवणाच्या टेबलावर. हे म्हणाले, सही करून टाक, सुटेल बिचारी. सुटेलच. इंजिनिअरिंगही सुटेल. वडिलांना ते ठाऊक आहे की नाही, विचारायचं राहिलं. आणि अडवून तरी काय देणार मी तिला? आठवड्याला चार तास आणि फळा.
सोमवारी शेवटची तारीख. सही केलेली नाही.
'विषय सोडण्याचे कारण' या रकान्यात तिनं दोनच शब्द लिहिलेत. 'समजत नाही.'
कोणाला, ते लिहिलेलं नाही.