यादीत नसलेलं दुखणं

उमरी,
रविवार, १३ जुलै २०२५

ती. सौ. सुकन्याअक्कास,
धाकट्या शिवूचे शरणार्थ.

दाजींचा खोकला आता कसा आहे? वीरेश आणि सूनबाई श्रीशैलहून परत आले असतील. सूनबाईला माझ्या हातचं लोणचं आवडलं होतं, म्हणून यंदा एक बरणी तिच्या नावानं भरली आहे. लातूरला जाणारं कुणी भेटलं की पाठवते. इकडे पेरण्या उरकल्या. ह्यांच्या दुकानातली खता-बियाण्याची गर्दीही जरा ओसरली.

हातात फोन असताना ही पत्र का लिहीत बसली, असं तुला वाटेल. वीरेशच्या लग्नापासून आपण फोनवर "जेवलीस का" आणि "पाऊस हाय का" एवढंच बोलतो. त्याच्या पुढचं मी काही काढलं की तुझ्या दारात नेमकं कुणीतरी येतं. कागदावर मला मध्ये तोडणारं कुणी नाही. फक्त बोटं आखडतात, म्हणून सकाळपासून थांबून थांबून लिहून राहिले. अक्षर वाकडं आलं तर चालवून घे.

गोष्ट अशी आहे की येत्या गुरुवारी मला नांदेडला पडताळणीला बोलावलं आहे. आम्हा शिक्षकांच्या बदल्यांचं तुला माहीत आहेच. गंभीर आजार असला तर डोंगराकडच्या, अवघड भागातल्या शाळेतून सूट मागता येते. मी तशी मागितली. अर्जात आजाराचं नाव लिहिलं, डॉक्टरांनी दोन वर्षांमागं सांगितलं तेच, अंगभर दुखवणारं फायब्रोमायल्जिया. आणि कुणीतरी तक्रार केली की बाई खोटं आजारपण दाखवून राहिल्या. पुरावा म्हणून वीरेशच्या वरातीतला व्हिडिओ जोडला. मी नाचतानाचा.

तो आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवरही फिरला. खाली लिहिलं होतं, "दुखणेकरी बाईंचा डान्स." मग जी चर्चा सुरू झाली ती थांबेचना. एक म्हणाले, असा आजारच नसतो, इंटरनेटवरून शोधून काढलेलं नाव आहे. दुसरे म्हणाले, रक्तात दिसत नाही, एक्स-रेत दिसत नाही, मग आहे कुठं? एका बाईंनी लिहिलं की त्यांच्या हैदराबादच्या नणंदेला हेच आहे, औषध चालू आहे. त्यांना लगेच उत्तर आलं, "पैसेवाल्यांचे लाड." कुणी मला योगासनं सुचवली. कुणी लिहिलं, आमच्या आईनं जन्मभर खुरपलं, तिला असलं काही झालं नाही. मी सगळं वाचत होते. मी वाचतेय हे सगळ्यांना दिसत होतं. माझ्याशी मात्र कुणीच बोलत नव्हतं, माझ्याबद्दल बोलत होते.

दुकानातही तेच. गिऱ्हाईक ह्यांना विचारतं, "राजशेखरअण्णा, मॅडमला नेमकं झालंय तरी काय?" हे म्हणतात, "नसांचं हाय," आणि पोतं उचलायला आत जातात. ह्यांचा माझ्यावर विश्वास नाही असं नाही. सकाळी असतो. संध्याकाळी दुकान बंद करून येतात तेव्हा थोडा कमी झालेला असतो.

अक्का, मलाच आता भीती वाटायला लागली आहे. परवा शाळेतून आल्यावर मी दार लावून स्वतःच्या दंडावर बोट दाबून बघत होते. दुखलं. मग मनात आलं, दुखणार असं धरून दाबलं म्हणून दुखलं असेल का? दुसरीकडे बघत पुन्हा दाबलं. डोळ्यात पाणी आलं ते दुखण्याचं की कसलं, मला सांगता येईना. वर्गात हात वर करून फळ्यावर लिहिताना खांद्यात कळ येते तेव्हाही हल्ली मी आधी मागं वळून बघते, कुणी बघत नाही ना. खरी कळ आणि दाखवायची कळ यातला फरक इतरांना कळत नाही, ते ठीक. मला तरी कळतो का?

आमच्या शाळेतले नरसिंग सर माझ्या बाजूचे आहेत. काल ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही गठिया म्हणा, सांध्यांचा वात. गठिया सगळ्यांना समजतो. माझ्या वळखीचे डॉक्टर हाईत, सूट मिळणाऱ्या आजारांच्या यादीत बसंल असं लिहून देतेत."

"पण मला गठिया न्हाई, सर."

"ते मला बी माहीत हाय. पण तुमचं खरं सांगितलं तर खोट्यात जाल, अन् खोटं सांगितलं तर खऱ्यात धरतील. बघा, इचार करा."

मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही.

तो व्हिडिओ मी दोनदा पाहिला, आवाज बंद करून. कुणी काढला, घराबाहेर कसा गेला, ते मी विचारत नाही. लग्नाचे व्हिडिओ शंभर फोनमध्ये असतात.

वीरेशच्या लग्नानंतर मी तुझ्याकडेच होते, तू मला बघितलं आहेस. गुरुवारी नांदेडला आलीस तर बरं होईल. लातूरहून सकाळची एस्टी धरलीस तर वेळेत पोचशील. ते जमणार नसेल तर बुधवारी नुसता फोन कर. मला काही सुचत नाही.

तुझ्या फोनकडं कान लावून बसलेली,
शिवू


उमरी,
रविवार, २० जुलै २०२५

अक्का,
शरणार्थ.

फोन आला नाही. बुधवारी वर्गातसुद्धा फोन पर्समध्ये चालू ठेवला होता. पत्र पोचलं नसेल अशी मनाची समजूत घातली असती, पण सूनबाईचा मेसेज आला, "मावशी, लोणच्याची वाट बघते." म्हणजे पत्र घरात वाचलं गेलं.

गुरुवारी मी आणि हे गेलो. बाहेर व्हरांड्यात माझ्यासारखी बरीच माणसं होती. एकाच्या पायात सळई होती, एका बाईंच्या डोक्यावर केमोनं केस उरले नव्हते. मला माझ्या धडधाकट हातापायांची लाज वाटली. हे म्हणाले, "जरा लंगडत जा आत." गमतीनं म्हणाले की खरंच, मी विचारलं नाही.

आम्ही दोघं आत गेलो तर एक साहेब होते आणि शेजारी एक डॉक्टरीणबाई. साहेबांनी विचारलं, "आजार कोणता?" मला वाटलं होतं, माझ्या तोंडून गठियाच निघणार. बसमध्ये मी मनातल्या मनात तसं घोकतही होते. पण डॉक्टरीणबाई माझ्याकडं बघत होत्या आणि मी बोलून गेले, "फायब्रोमायल्जिया." नाव घेताना जीभ दोनदा अडखळली.

साहेबांनी फोन माझ्यासमोर धरला. "ह्या तुम्हीच ना?"

"हो."

"चांगल्या नाचताय की."

मी सांगितलं, साहेब, हा नवरदेव माझ्या बहिणीचा मुलगा. लहानपणी माझ्याच कडेवर असायचा. वरातीतून माझ्याजवळ आला, हात धरला आणि म्हणाला, मावशी, तू न्हाई आलीस तर मी बी नाचत न्हाई. त्या दिवशी दुखणं कमी होतं. गोळीही घेतली होती. पुढं भोगावं लागेल हे मला माहीत होतं, तरी नाचले. साहेब, दुखणं आहे म्हणून लेकराच्या लग्नात हसायचं पण नाही का?

साहेबांनी आवाज वाढवला आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. बँडचा गोंगाट होता, त्यात फोनच्या अगदी जवळून एक बाई हसत हसत म्हणते, "बघा बघा! हिला म्हणं उठता येत न्हाई! शाळंला जायचं असलं की दुखतंय हिचं!"

तो आवाज मी आधी ऐकला नव्हता, असं तुला वाटू देऊ का? नाही, अक्का. व्हिडिओ आला त्या दिवशी पहिल्या क्षणालाच ऐकला होता. त्यानंतर आवाज बंद केला.

साहेबांनी विचारलं, "हे कोण बोलतंय? घरचं कुणी आहे का?"

हे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणाले, "माहीत नाही, साहेब. लग्नातलं कुणीतरी असेल."

"नाचल्यानंतर त्रास झाला म्हणता. तो कुणी पाहिला?"

"बहिणीनं."

"त्या येऊन सांगतील?"

"तिच्या घरी नुकतं लग्न झालंय. सवड नाही तिला."

मग डॉक्टरीणबाईंनी मला पडद्यामागं नेलं. मानेवर, खांद्यावर, गुडघ्याच्या आतल्या बाजूला दाबून बघितलं. झोप कशी लागते, शब्द विसरायला होतात का, अंगावरचं कापड कधी सहन होत नाही का, असं विचारलं. किती दिवसांनी कुणीतरी मला प्रश्न विचारत होतं आणि उत्तर ऐकायला थांबत होतं. बाहेर येऊन त्या साहेबांना म्हणाल्या, "बाई खोटं बोलत नाहीत. हा आजार आहे. एक दिवस बरा, चार दिवस वाईट, असंच चालतं ह्यात." मला वाटलं, सुटले. पण त्या पुढं म्हणाल्या, "मात्र तुमच्या यादीत हा आजार नाही. सूट द्या असं मी लिहू शकत नाही."

असं झालं. तक्रार निकाली निघाली, मी खोटी ठरले नाही, आणि सूटही मिळाली नाही. एक ऑगस्टला माहूरकडच्या एका शाळेत हजर व्हायचं आहे. गावाच्या अलीकडं बस थांबते, पुढं चढ आहे. ग्रुपवर कुणीतरी लगेच टाकलं, "शेवटी न्याय झाला." अंगठ्यांची रांग लागली. नरसिंग सर तेवढे वर्गात येऊन म्हणाले, "मॅडम, गठिया म्हणला असता तर." मी म्हणाले, "हाव सर," आणि मुलांची हजेरी घेतली.

परत येताना बसमध्ये हे हळूच म्हणाले, "तुझ्या अक्काचा आवाज होता त्यो."

"हाव."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"काय सांगू? माझ्या सख्ख्या बहिणीलाच पटत न्हाई, असं सांगू? मग साहेबांना कशाला पटलं असतं?"

ह्यांनी माझी पिशवी आपल्या मांडीवर घेतली. माझ्या हातावर हात ठेवायला गेले आणि मध्येच थांबले, दुखेल म्हणून. तेव्हा मला रडू आलं.

त्या खोलीत मी सगळं खरं बोलले. तुझ्याबद्दल तेवढं खोटं बोलले. ते तुझ्यासाठी होतं असं म्हणणार होते, पण ते माझी लाज झाकायलाच जास्त होतं.

तुझ्यावर रागावून हे लिहीत नाही. वरातीत माणूस हसतं, चार बायकांसमोर बोलून जातं, ते मला समजतं. मला दुसरंच कळत नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू मागच्या खोलीत चहा घेऊन आलीस. मला कप धरता येईना. तू माझ्या तोंडाला लावलास, चहा गळ्यावर सांडला, तू पदरानं पुसायला गेलीस आणि मी ओरडले. तू हात मागं घेतलास. तुझा चेहरा पांढराफटक पडला होता, अक्का. तू दार ओढून घेऊन निघून गेलीस आणि मी तिथं होते तोपर्यंत पुन्हा एकटी आत आली नाहीस. रोज सूनबाईला पाठवलंस.

मी सोंग करतेय असं तुला वाटत असतं तर तू चिडली असतीस. तू घाबरलीस. लहानपणी अव्वाला झटका आला तेव्हा, आपली आई असूनही, तू अशीच दाराबाहेर जाऊन उभी राहिली होतीस. म्हणून मला वाटतं, तुला कळलं आहे. सगळ्यांच्या आधी तुलाच कळलं आहे.

एक तारखेला सामान घेऊन जायचं आहे. ह्यांना दुकानामुळं दोन दिवसांच्या वर थांबता येणार नाही. पहिले आठ-दहा दिवस तू माझ्याजवळ येऊन राहशील का? काम काही करू नकोस. कुणाला काही सांगूही नकोस. सकाळी मला उठता येईना तर नुसती त्याच खोलीत बस.

आणि भीती वाटली तरी बाहेर जाऊ नकोस.

वाट बघणारी, तुझी आजारी बहीण,
शिवकन्या