एका मिस्ड कॉलचे अकरा

१० जून २००६, शनिवार

नवीन फोन घेतला. साधा नव्हे, स्मार्टफोन. सोबत एक काडी मिळते, तिने स्क्रीनवर लिहिता येते. वर्षाची वॉरंटी. दुकानदाराने विचारले, एवढा भारीतला तुम्हाला कशाला पाहिजे? साखर कारखान्याच्या लॅबमध्ये रोज उसाच्या रसाची शुद्धता तपासणाऱ्या माणसाने कमी प्रतीचे उपकरण वापरू नये, हे त्याला सांगितले नाही. बढाई वाटली असती.

खरे कारण असे की शिवलीला नऊ दिवस मुरगूडला माहेरी आहे. भांडण झालेले नाही. फार तर मतभेद. जेवताना ती काहीतरी सांगत होती. मध्येच थांबून म्हणाली, मी आत्ता काय म्हणाले ते सांगा. मी पहिले वाक्य बरोबर सांगितले. पुढचे राहिले. बावीस वर्षांच्या संसारात एखादे वाक्य निसटणारच. दुसऱ्या दिवशी ती बॅग भरून गेली. विश्रांतीसाठी.

११ जून, रविवार

तक्ता केला. शिवलीलाकडे तिच्या भावाचा, वीरेशचा, जुना हँडसेट आहे. बॅलन्स बेताचा. म्हणून फक्त मिस्ड कॉल.

एक: तब्येत ठीक. दोन: घरून काही सामान हवे. तीन: पुण्याहून मुलीची खबर आहे. चार: घ्यायला या.

मी उलट एक मिस्ड कॉल देऊन पोच द्यायची. कोणत्याही परिस्थितीत फोन उचलायचा नाही. उचलला की तिचा बॅलन्स जातो.

एक प्रत भिंतीवर लावली, दुसरी पोस्टाने मुरगूडला. ‘चार’ लिहिताना थांबलो होतो. आपण तिच्यावर दडपण तर आणत नाही ना? म्हणून ते पहिले न लिहिता शेवटी लिहिले. खाली रेघ मात्र मारली.

१६ जून, शुक्रवार

सकाळी ७.४०. एक मिस्ड कॉल. तब्येत ठीक. लगेच पोच दिली. दिवसभर प्रसन्न. शिवलीलाशी इतका स्वच्छ संवाद याआधी कधी झाला, आठवत नाही.

२१ जून, बुधवार

फोन हँग. काडी टोचली तरी ढिम्म.

राजारामपुरीत कंपनीचे सर्व्हिस सेंटर आहे. तिथे गुंडू नावाचा माणूस बसतो. माझ्याच वयाचा, आधी रेडिओ दुरुस्त करायचा. म्हणाला, सर, नव्या मालात हे असंच असतंय, कंपनी आधी इकत्या आन मग शिकत्या. सॉफ्टवेअर मारून दिले. दोन तास लागले. मी विचारले, या दोन तासांत कुणाचा मिस्ड कॉल आला असेल तर तो कुठे जातो? तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. चांगला माणूस आहे, पण मूलभूत प्रश्नांची सवय नाही.

२५ जून, रविवार

एक मिस्ड कॉल, पण फार लांब. आधी ती दोन रिंगांनंतर कट करायची. आज थेट बंद पडेपर्यंत वाजला. तिकडे कट होत नसावा. पोच दिली. टोल फ्रीवर तक्रार नोंदवली: रिंग प्रमाणाबाहेर लांब.

२ जुलै, रविवार

लिहून ठेवणे आवश्यक आहे.

संध्याकाळी ६.१० ते ७.२५ या वेळात फोनने शिवलीलाच्या नावाचे अकरा मिस्ड कॉल दाखवले. ६.१०, ६.१४, ६.२२, ६.३१, मग थोडे थांबून ६.४५, ६.४८, ६.५०, ६.५९, ७.०६, ७.१२, ७.२५. प्रत्येक रिंग पूर्ण. मी समोरच बसलो होतो. सातव्या वेळी हात आपोआप पुढे गेला. आवरला. नंतर दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो. नियम कठीण प्रसंगीच पाळायचे असतात.

अकरा तक्त्यात नाही. चार, चार आणि तीन? म्हणजे दोनदा घ्यायला या आणि मुलीची खबर? अर्थ लागत नाही. ती नेमकेपणाने वागणारी बाई आहे. उघड आहे, एकाच मिस्ड कॉलचे हा फोन अकरा करतो. वाजल्याचे मी कानांनी ऐकले हे खरे. पण वाजत होता तोही हाच फोन. आरोपी आणि साक्षीदार एकच.

पोच दिली नाही. संदेश स्पष्ट नसताना पोच देणे अप्रामाणिकपणा ठरेल.

३ जुलै, सोमवार

रजा टाकून सर्व्हिस सेंटर. गुंडूने यादी पाहिली. म्हणाला, अकरा दावतोय म्हंजे अकरा येळा आलाय की. उचलला का न्हाई तुमी? मी तक्ता समजावून सांगितला. त्याने तो दोनदा वाचला. मग म्हणाला, सर, आमच्यात बायकूचा चार येळा फोन आला आन उचलला न्हाई, तर पाचव्यांदा ती सोता दारात हुबी असत्या.

हसलो. पण फोन जमा केला. सिम आत राहू द्या म्हटले, दोष आहे त्या स्थितीत दिसला पाहिजे. सॉफ्टवेअर मारू नका, नोंदी पुसू नका, तो पुरावा आहे. जॉबशीटवर तक्रार माझ्या शब्दांत लिहून घेतली: एक मिस्ड कॉल अनेक करून दाखवतो.

ठरले. फोन नीट होऊन आला की पहिले काम शिवलीलाशी सविस्तर बोलणे. बंधने बाजूला, बॅलन्स गेला तर मी भरीन. पण सदोष यंत्रावर महत्त्वाचे बोलणे करायचे नाही. एखादा शब्द खाल्ला गेला तर?

कोपऱ्यावर एसटीडी बूथ आहे. तिथून बोलता आले असते. गर्दी असते.

८ जुलै, शनिवार

कंपनीच्या मुंबई कार्यालयाला पत्र, तिसरा मसुदा. ‘आपल्या नवीन उपकरणांवर ग्राहकाने कोणत्या आधारावर विसंबावे?’ हे वाक्य जमले. ‘तीव्र निषेध’ काढून ‘खेद’ केला. रागात लिहितो आहे का, स्वतःला विचारले. नाही. कळकळ आहे.

घरात कोणत्या डब्यात काय आहे ते कळत नाही. जिरे समजून ओवा घातला.

१२ जुलै, बुधवार

चौकशीला गेलो तर गुंडू म्हणाला, काल वैनींचा फोन आलता. दोनदा वाजला, तिसऱ्यांदा म्या उचलला. मी म्हटले, उचलला? म्हणाला, उचलायचाच असतोय की ओ.

पुढचे त्याने सांगितले तसे लिहितो. तिने विचारले, कोण? हा म्हणाला, रिपेरीवाला, राजारामपुरी. ती म्हणाली, ते कुठे आहेत? हा म्हणाला, घरी असतील, फोन टाकून गेल्यात. ती म्हणाली, काय झालंय फोनला? हा म्हणाला, काय न्हाई वैनी, लई वाजतोय म्हणून टाकलाय.

 गुंडूला वाटले कट झाला. मग ती म्हणाली, आता वाजायचा नाही म्हणून सांगा त्यांना.

म्हणजे तिचाही दुरुस्तीवर विश्वास आहे. बरे वाटले.

२० जुलै, गुरुवार

फोन परत. जॉबशीटवर शिक्का: दोष आढळला नाही. सतरा दिवसांत एवढेच! मी सही करताना ‘हरकत नोंदवून’ असे लिहिले. नोंदी शाबूत आहेत. अकराच्या अकरा.

शिवलीलाशी बोलणे आज नको. कंपनीने दोष मान्य केलेला नाही, म्हणजे तो आत असणार.

२८ जुलै, शुक्रवार

आठ दिवसांत एकही मिस्ड कॉल नाही. पूर्वी एकाचे अकरा, आता एकाचेही शून्य. उपकरण बिघडले की दोन्ही टोकांना बिघडते. पुन्हा जमा केला. नवीन तक्रार: येणारे कॉल दाखवत नाही. या वेळी सिम काढून माझ्या जुन्या हँडसेटमध्ये घातले.

गुंडू लिहून घेईना. म्हणाला, सर, कुणी केलाच न्हाई तर त्यो कसा दावंल? मी म्हटले, हे कंपनीला ठरवू द्या. मग त्याने गुपचूप लिहिले. चहा पाजला. नको म्हटले तरी पाजला.

३ ऑगस्ट, गुरुवार

जुन्या हँडसेटवरही काही नाही. जुना आहे.

६ ऑगस्ट, रविवार

मुलगी, भूमिका, पुण्याहून आली. आधी मुरगूडला दोन दिवस राहून आली होती. मी तिला पत्रव्यवहाराची फाईल दाखवली. चौदा पत्रे. ती उभ्याउभ्याच वाचत होती. म्हणाली, बाबा, फोन चांगला होता.

मुरगूडला मुलींचे एक वसतिगृह आहे. तिथे अधीक्षक हवी होती, राहून काम. वीरेशने शब्द टाकला होता. होय की नाही ते तीन जुलैला सकाळी कळवायचे होते. आदल्या संध्याकाळी आई तुम्हाला फोन लावत होती, भूमिका म्हणाली. मामाने कितीही समजावलं तरी आई म्हणत होती, एकदा त्यांना विचारते. बाबा, तुम्ही काही मोठं बोलायला नको होतं. नको घेऊ, घरी ये, एवढंच. मध्ये एकदा आई उठून तोंड धुऊन आली आणि पुन्हा लावला.

मी म्हटले, तिने तक्त्याप्रमाणे चार दिले असते तर मी त्याच क्षणी निघालो असतो.

भूमिका भिंतीजवळ गेली. तक्ता वाचला. मग हळू म्हणाली, अकरात चार येत नाहीत का, बाबा?

वही काढून पाहिली. चौथा ६.३१ ला. त्यानंतर थोडे थांबून ६.४५. ती चौदा मिनिटे माझ्या पोचेची वाट पाहत होती. मी इथे बसून वेळा लिहीत होतो. अक्षर चांगले आले आहे.

१३ ऑगस्ट, रविवार

मुरगूड. वसतिगृहात पुरुषांना भेटीची वेळ रविवारी चार ते पाच, तीही फाटकाशी. रजिस्टरमध्ये नाव लिहावे लागते. ‘विद्यार्थिनीशी नाते’ असा रकाना होता. तिथे काय लिहावे कळेना. शिपाईण धोंडुबाई म्हणाली, पावणं, कुणाचं वडील तुमी? मी म्हटले, कुणाचा नाही, बाईंना भेटायचे आहे. मग रकाना रिकामा ठेवला.

शिवलीला आली. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. बारीक झाली आहे. म्हणाली, जेवून आलात का? मी होय म्हटले. खोटे होते.

बसमध्ये सगळे पाठ केले होते. माझी चूक कशी झाली, नियमामागचा हेतू काय होता, रिंग लांब असण्याची तांत्रिक कारणे. फक्त एवढेच बोललो: घ्यायला आलोय.

ती फाटकाच्या गजाला धरून उभी होती. म्हणाली, चाळीस मुली आहेत. सुरुवातीला एकेकीचं नाव लक्षात राहीना. मग आतल्या बाजूला वळून तिने हाक मारली, कुणा संयोगिताला. लगेच आतून ओ आली. एक नव्हे, तीन-चार मुलींनी दिली, ज्यांना नव्हती हाक मारली त्यांनीही. शिवलीला माझ्याकडे वळून म्हणाली, इथं हाक मारली की ओ देतात हो.

रागाने म्हणाली नाही. रागाने म्हणाली असती तर उत्तर देता आले असते.

मी विचारले, सुट्टीत? म्हणाली, बघू. मग म्हणाली, ओवा वरच्या फळीवर ठेवा, जिऱ्याशेजारी नको. तुम्ही घोळ कराल. मी होय म्हटले. पाचला धोंडुबाईने फाटक लावले.

१८ ऑगस्ट, शुक्रवार

फोन जमा आहे तो परत आणायचा आहे. तक्रार मागे घेतो, असे पत्र टाकले. दुरुस्ती नको, बदल नको. फक्त आहे तसा द्या. त्यात तिचे नाव अकरा वेळा आहे, एकाखाली एक. वहीत माझे अक्षर आहे. ते वेगळे.

तक्ता काढला. भिंतीवर चौकोन राहिला, जरा उजळ.

२६ ऑगस्ट, शनिवार

गुंडूने लांबूनच हात केला. म्हणाला, सर, जिंकलासा! ह्या सेंटरात आजपातूर असं झालं न्हाई. कंपनीने माझ्या पत्रांची दखल घेऊन खास बाब म्हणून कोरा करकरीत फोन पाठवला होता. सोबत दिलगिरीचे पत्र. माझे तक्रार मागे घेतल्याचे पत्र त्याच्या आधी निघाले असेल किंवा नंतर, कोण बघतो.

मी म्हटले, जुना द्या. म्हणाला, त्यो मंगळवारीच पुण्याला गेला. मी म्हटले, परत मागवा. म्हणाला, सर, तिथं त्येचं पार्ट सुटं करत्यात, आतलं सगळं पुसत्यात. मग माझे तोंड बघून म्हणाला, कायतरी महत्त्वाचं हुतं व्हय त्यात? मी नाही म्हटले.

त्याने सिम घातले. चालू केला. स्क्रीन स्वच्छ. मिस्ड कॉल उघडून पाहिले. एकही ओळ नाही.

समाधानपत्रावर सही हवी होती. गुंडू म्हणाला, थांबा, आधी टेस्ट करून दावतो, न्हाईतर पुन्यांदा पत्र लिवशिला. काउंटरपलीकडे उभा राहून त्याने स्वतःच्या फोनवरून माझा नंबर लावला. माझ्या हातातला वाजला.

मी उचलला. कानाला लावून हॅलो म्हटले.

गुंडू ओरडला, अवो सर, उचलताय काय! कट करा की, माजं पैसं जात्यात.

मी जरा वेळ तसाच कानाला धरून उभा राहिलो.